‘पूर्वी रास अल-खैमाचा’ : १८२० मधल्या एका सहीचं प्रकरण

आमच्या अंजनगाव-अचलपूर पट्ट्यात समुद्र म्हणजे शाळेच्या सहलीत एकदा पाहायची गोष्ट. इकडच्या पारावर संत्रा, केळी, कापूस यांचे भाव निघतात, भरती-ओहोटी कधी निघत नाही. तरी १८०३ च्या डिसेंबरात अवघ्या तेरा दिवसांत दोन किनारे याच मातीत लिहून दिले गेले. आडगावची लढाई हरली, गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबरला देवगावच्या छावणीत दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी कटक प्रांत बालासोर बंदरासकट कंपनीला दिला. ३० तारखेला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांनी भडोच सोडलं. शाई वाळत होती तिथून दोन्हीकडचा समुद्र शंभरावर कोस लांब होता.

हे सांगायचं कारण आमच्या गावातली अभ्यासिका. मी इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस. वाचनालयाच्या मागच्या खोलीत स्पर्धा परीक्षेची पोरंपोरी बसतात, आणि रविवारी सकाळी मी त्यांच्यासोबत एखादं जुनं प्रकरण उकलतो. एका रविवारी कुणाच्या तरी नोट्समध्ये हे वाक्य दिसलं: ‘१८१९ मध्ये ब्रिटिशांनी इराणच्या आखातातील अरब चाच्यांचा बंदोबस्त करून व्यापारी मार्ग सुरक्षित केला.’ वाक्य खोटं नाही. पण त्यात चाचा कुणाला म्हणायचं हे आधीच ठरून गेलं आहे, आणि खरं भांडण तर तेच होतं. म्हणून प्रकरण तिथूनच धरलं.

फळ्यावर लिहिलं: तारीख ८ जानेवारी १८२०. तुम्ही मेजर जनरल सर विल्यम ग्रँट केर. मुंबईहून आणलेल्या फौजेनं रास अल-खैमा हे बंदर महिन्यापूर्वी घेतलं आहे. तिथला शेख हसन बिन रहमा तुमच्यासमोर उभा आहे. त्याचं काय कराल?

केर तिथं कसा पोचला

हा केर आपल्याला अगदीच परका नाही. १८१७-१८ च्या पेंढारी-मराठा युद्धात गुजरातकडून आलेल्या फौजेचा तो सेनापती होता. १८१९ च्या फेब्रुवारीत त्यानं सावंतवाडीकरांचा रेडीचा किल्ला घेतला, मार्चमध्ये कच्छात भूज. एप्रिलमध्ये तिकडे अशीरगड पडला आणि मराठी राज्याशी चाललेलं युद्ध संपलं. कंपनीची फौज मोकळी झाली. मुंबईच्या गव्हर्नरच्या खुर्चीत १ नोव्हेंबर १८१९ ला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन बसला. तो आडगाव आणि गाविलगडला वेलेस्लीच्या सोबत होता, नंतर १८०४ ते १८०८ नागपूरला रेसिडेंट होता. मोहिमेची तयारी त्याच्या आधीच्या गव्हर्नरच्या काळात झाली होती. एल्फिन्स्टन खुर्चीत बसला त्याच आठवड्यात जहाजं मुंबईहून निघाली: साधारण तीन हजार माणसं, गोरे शिपाई आणि मुंबई इलाख्याच्या देशी पलटणी, आणि पुढे ‘लिव्हरपूल’ ही आरमारी नौका. मस्कतचा सय्यद सईदही आपली जहाजं आणि माणसं घेऊन सामील झाला. मदत म्हणून आला असं कागदावर आहे. खरं पाहता हा त्याचा स्वतःचा हिशेब होता, पण ते पुढे येईलच.

डिसेंबरच्या सुरुवातीला फौज रास अल-खैमाच्या दक्षिणेला उतरली. तोफांनी तटबंदी पडेना, म्हणून जहाजावरच्या चोवीस पौंडी तोफा वाळूतून ओढत आणल्या. ९ डिसेंबरला शेवटची धाव घेतली तेव्हा गाव रिकामं होतं. उत्तरेकडचं रम्सही ओस पडलेलं. लोक मागे धाया नावाच्या टेकडीवरच्या गढीत गेले होते. तिथंही त्याच तोफा खजुराच्या बागांतून आणि चिखलातून ओढून नेल्या. २२ डिसेंबरला धाया पडली. ३९८ पुरुष खाली आले. सोबत बायकापोरं होती, ती वेगळी. नंतर मोजदाद झाली तेव्हा त्या ३९८ पैकी लढणारे म्हणून धरता आले फक्त १७७. बाकीचे गुराखी आणि खजुराच्या बागा करणारे शेतकरी होते. तोफांच्या धाकानं ते वर गेले होते, उन्हात पाण्यावाचून बसले होते.

हा आकडा सांगितला आणि खोलीतला सूर थोडा बदलला. चाचे म्हणजे डोळ्यावर पट्टी बांधलेली, तलवार दातांत धरलेली माणसं, हे चित्र गुराख्यांसमोर टिकत नाही. मीही आकड्यावर थोडा रेंगाळलो, हे कबूल.

आरोप काय होते

हसन ज्या घराण्यातला ते कासिमी, किंवा अनेकवचनात कवासिम, हे आखाताच्या दोन्ही काठांवरचं घराणं. अरबी काठावर रास अल-खैमा आणि शारजा, समोरच्या इराणी काठावर लिंगा. समुद्र त्यांच्यासाठी दोन गावांमधला रस्ता होता. कुठल्या काठावर कुणाचं राज्य ही भाषा नंतरची.

कंपनीची यादी लांब आहे. १७९७ मध्ये इराणी काठावरच्या बुशहर बंदरात ‘वायपर’ या कंपनीच्या जहाजावर हल्ला झाला. मस्कतशी लढाई चालू आहे म्हणून कासिमी तांड्यानं आधी इंग्रजांकडूनच दारूगोळा मागून घेतला होता. १८०४-०५ च्या सुमारास ‘शॅनन’ आणि ‘ट्रिमर’ पकडली गेली, १८०६ मध्ये बंदर अब्बासला करार झाला. १८०८ मध्ये ‘सिल्फ’, त्यापाठोपाठ ‘मिनर्व्हा’. १८०९ च्या नोव्हेंबरात कंपनीनं रास अल-खैमा एकदा जाळलंच होतं. जहाजं पुन्हा बांधली गेली, हल्ले पुन्हा सुरू झाले. १८१४ मध्ये आणखी बोलणी, १८१६ मध्ये बंदरासमोर नुसतंच शक्तिप्रदर्शन, तेही फसलेलं.

या यादीतली माणसं खरोखर मेली, माल खरोखर गेला. हे मी पोरांना आधी सांगितलं, कारण पुढचं ऐकून एखादा उलट्या टोकाला जाऊन ‘चाचे नव्हतेच, सगळा इंग्रजांचा कावा’ म्हणणार हे मला माहीत होतं. तसं म्हणणारे वजनदार लोक आहेत. शारजाचे शासक सुलतान बिन मुहम्मद अल-कासिमी यांनी १९८० च्या दशकात इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठात याच विषयावर पीएच.डी. केली, मुंबईच्या पुराभिलेखागारातले कागद उलथेपालथे करून. त्यांचा मुद्दा असा की आखाताचा वाहतूक-व्यापार हाती घ्यायचा म्हणून कंपनीनं चाचेगिरीचा बोभाटा केला. दुसऱ्या बाजूचे इतिहासकार हे मानत नाहीत. मला विचाराल तर हल्ले खरे होते आणि बोभाटाही खरा होता. आपल्याकडे गावच्या भांडणात दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतातच की.

हसन बिन रहमाचं म्हणणं

१८१९ च्या मोहिमेआधीच्या काही वर्षांत हल्ले थांबवा म्हणून कंपनीची पत्रं गेली, त्यांना आलेलं उत्तर इंग्रजी कागदांत नोंदलं आहे. म्हणजे ते विरोधी पक्षानं लिहून ठेवलेलं आहे, तेवढी फट ठेवून वाचायचं. त्याचा आशय असा: ख्रिस्ती लोकांच्या जिवाला आणि मालाला आम्ही हात लावणार नाही, पण हिंदुस्थानातल्या बाकीच्या लोकांचं तुम्हाला काय? पश्चिम किनाऱ्यावर मुंबई आणि मंगळूर सोडून बाकी काही आम्ही तुमचं समजत नाही. सगळ्या हिंदुस्थानाची आणि मस्कतचीही बाजू तुम्ही घ्यायला लागलात, तर आम्ही लुटायचं कुणाला?

शेवटच्या वाक्यावर पोरं हसली. मी त्यांना त्याच्या आधीच्या वाक्यापाशी थांबवलं. १८१७ पर्यंत पश्चिम किनारा कुणाचा होता ते नकाशावर लावायला सांगितलं. कोकणात पेशवे, कुलाब्याला आंग्रे, जंजिऱ्याला सिद्दी, त्याखाली सावंतवाडीकर. मालवण आणि वेंगुर्ला १८१२ मध्ये कंपनीकडे गेलेलं, कोल्हापूरकर आणि सावंतवाडीकर यांच्याकडून, आणि तिथंही कारण समुद्रातल्या लुटीचंच. वर गुजरातेत गायकवाड आणि काठेवाडचे लहानमोठे दरबार. म्हणजे रास अल-खैमात बसलेल्या माणसानं पश्चिम किनाऱ्याची जी सातबारा-उताऱ्यासारखी फोड केली, ती फारशी चुकीची नव्हती. सुरत कंपनीकडे होती, भडोच तर इथूनच गेलेलं. तेवढं त्यानं सोडलं. पण सुरतेच्या किंवा पोरबंदरच्या व्यापाऱ्याच्या गलबतावर हल्ला म्हणजे इंग्रजांवर हल्ला, हे गृहीत धरायला आधी तो किनारा इंग्रजांचा आहे हे मान्य करावं लागतं. हसन ते मान्य करत नव्हता. वर्षभरात पेशवाई बुडाली आणि त्याचा मुद्दा आपोआप मेला. वाद कुणी जिंकला नाही, वादाची जमीनच कंपनीकडे गेली.

इथं एका पोरानं आंग्र्यांचं नाव काढलं. इंग्रजांच्या कागदांत कान्होजी चाचा आणि आपल्याकडे सरखेल, तेव्हा हेही तसंच ना सर? बरंचसं तसंच. कान्होजींच्या दस्तकाशिवाय गलबत निघालं तर ते पकडायचं, ही छत्रपतींच्या आरमाराची जकात. इंग्रज दस्तक मानत नसत, म्हणून त्यांच्या लेखी ती चोरी. पण आंग्र्यांच्या मागे सातारा होतं. हसनच्या मागे कोण, हा प्रश्न मात्र अवघड आहे.

मागे कोण?

इथं प्रकरण खरं गुंतलं. केरला हसनला ‘अमक्याची प्रजा’ म्हणून धन्याच्या ताब्यात द्यायचं असतं, तर धनी कोण?

पहिला दावेदार मध्य अरबस्तानातल्या दिरियाचे सौदी-वहाबी, म्हणजे कडव्या वहाबी पंथाचं सौदी घराणं. सुलतान बिन सक्र हा कासिमींचा मूळ प्रमुख. त्याला वहाबींनी १८०९ च्या आसपास बाजूला सारून दिरियाला अडकवून ठेवलं आणि रास अल-खैमात हसनला बसवलं. लुटीचा पाचवा हिस्सा दिरियाला जातो, अशी कंपनीची तक्रार होती. पण १८१८ च्या सप्टेंबरात इजिप्तच्या मुहम्मद अलीचा मुलगा इब्राहिम पाशा यानं दिरिया जिंकून धुळीला मिळवलं. मग दुसरा दावेदार इब्राहिम, आणि त्याच्या आडून उस्मानी सुलतान. त्याच्याशी बोलून दोघांनी मिळून कासिमींवर चालावं म्हणून कंपनीनं कॅप्टन सॅडलियरला पाठवलं. हा बिचारा कतीफला उतरला आणि इब्राहिमला गाठायला त्याच्या मागे मागे वाळवंट तुडवत गेला. मदिनेजवळ गाठ पडली तेव्हा पाशा परत निघालेला. सॅडलियर शेवटी लाल समुद्रावर यांबूला निघाला. अरबस्तान या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडणारा पहिला युरोपीय म्हणून त्याचं नाव राहिलं, काम मात्र झालं नाही.

तिसरा मस्कतचा सय्यद सईद. आखातातून हिंदुस्थानकडे जाणाऱ्या मालाच्या वाहतुकीत कासिमी हे त्याचे थेट प्रतिस्पर्धी. इंग्रजांच्या तोफांनी ते संपले तर त्याचं भलंच. चौथा इराण, समोरच्या काठाचा मालक. लिंगा इराणच्या काठावर, किश्म बेट कुणाचं यावर तंटा, आणि बहरीनवर तर जो तो हक्क सांगत होता.

आणि या सगळ्यांच्या पाठीमागे फ्रान्सचं भूत. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला, त्याच वर्षी कंपनीनं घाईनं मस्कतशी करार करून फ्रेंचांना तिथं पाय ठेवू देऊ नका असं लिहून घेतलं. १८०७ मध्ये नेपोलियन आणि इराणचा शहा यांचा करार झाला, फ्रेंच जनरल गार्दान तेहरानला आला. मॉरिशसहून फ्रेंच खाजगी लुटारू जहाजं हिंदी महासागरात शिकार करत होती. सुरकूफनं १८०० मध्ये कंपनीचं ‘केंट’ हे मोठं जहाज पकडलं. सुरकूफला इंग्रजांनी मनातल्या मनात काय म्हटलं असेल ते असो. कायद्यानं तो चाचा नव्हता, त्याच्याकडे फ्रेंच सरकारचा परवाना होता. परवान्यानं लूट करण्याची ही पद्धत युरोपीय सत्तांनी एकमेकांत बंद केली ती १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यात. म्हणजे हसन चाचा ठरला तेव्हा परवानाधारक लूट युरोपात कायदेशीर होती. १८१० मध्ये मॉरिशस पडलं, १८१५ मध्ये नेपोलियन संपला, तरी ‘किनाऱ्यावर आपण नसलो तर दुसरा कुणी येईल’ ही खोड कंपनीला लागली ती गेली नाही.

वऱ्हाडातून पाहिलं तर

चर्चा अडली तेव्हा मी दोन गोष्टी सांगितल्या, दोन्ही आपल्याच भागातल्या.

१८१७ च्या डिसेंबरात सीताबर्डीनंतर आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या हाती गेले, पण त्यांच्या नोकरीतले अरब शिपाई नागपूर शहर सोडेनात. वेढा पडला. शेवटी ३० डिसेंबरला ते बाहेर पडले, कुटुंबकबिला आणि सामानसुमान घेऊन, मलकापूरच्या वाटेनं, इंग्रजांनी दिलेल्या अभयावर. कुणी त्यांना लुटारू म्हटलं नाही, कारण त्यांच्या पगारावर एका राजाचा शिक्का होता. बरोबर दोन वर्षांनी, त्याच महिन्यात, धायाच्या टेकडीवरून उतरलेले अरब चाचे म्हणून मोजले गेले.

दुसरी गोष्ट पेंढाऱ्यांची. आमच्याकडे अजून म्हातारी माणसं हावरटपणे जेवणाऱ्याला ‘पेंढारी आला काय’ म्हणतात. चितू पेंढारी सातपुड्याच्या रानात वाघानं खाल्ला. करीमखानाला गोरखपूरकडे जहागीर मिळाली. अमीरखानानं १८१७ च्या नोव्हेंबरात कंपनीशी तह केला आणि तो टोंकचा नवाब झाला. तिघांचा धंदा साधारण सारखाच होता. फरक पडला तो कागदावर सही कधी केली यानं.

मग पोरं पेटली. एकाचं ठाम मत होतं, “सर, चोरासंगं कोनी तह करते काय? लटकवा त्याले.” मागच्या बाकावरची, नेहमी गप्प असणारी पोरगी म्हणाली, “मंग राजा म्हना. पन राजा म्हटला तं त्याच्यावर न सांगता चालून काहून गेले? त्याच्या पोरीबाळी उन्हात काहून बसवल्या?” दोघंही बरोबर. आणि केरची अडचण नेमकी हीच. हसनला गुन्हेगार म्हणावं तर तो कुणाच्या तरी कायद्याखाली असायला हवा, आणि कंपनीचा कायदा तिथं चालत नव्हता. तह करावा तर तह करायला समोर सत्ताधीश हवा, आणि सत्ताधीश मानला की चाचेगिरीचा आरोप लंगडा पडतो.

केरनं काय केलं

केरनं दोन्ही केलं. हसनला आधी कैदेत ठेवलं. मग लक्षात आलं की त्याला फार दिवस डांबलं तर सगळा किनारा पुन्हा पेटेल, तेव्हा सोडून दिलं. आणि ८ जानेवारी १८२० ला त्याची सही घेतली. सहीत त्याचं वर्णन असं: हसन बिन रहमा, हत्त आणि फलना यांचा शेख, पूर्वी रास अल-खैमाचा.

‘पूर्वी’ या एका शब्दात सगळा निकाल आहे. माणूस शेख राहिला, म्हणून तह वैध. पण समुद्रकाठचं बंदर काढून घेतलं आणि आतल्या भागातली दोन गावं त्याच्या नावावर ठेवली. मी हे समजावत होतो तेव्हा पुढच्या खोलीत पेपर वाचत बसलेले एक काकाजी दारातून म्हणाले, “म्हंजे त्याचं नाव कंसात गेलं म्हना ना.” फेरफार झाला की सातबाऱ्यावर जुन्या मालकाच्या नावाला कंस होतो, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. माझ्या पाऊण तासाच्या बडबडीपेक्षा ते वाक्य सरस होतं.

तहाचा मजकूर अरबी-इंग्रजी जाणणाऱ्या कॅप्टन पेरोनेट थॉम्पसनच्या हातचा. पहिल्या कलमात जमिनीवर आणि समुद्रात लूट आणि चाचेगिरी कायमची बंद. दुसरं कलम मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, कारण प्रकरणाचा जीव तिथं आहे: एका सरकारनं दुसऱ्या सरकारविरुद्ध जाहीर केलेलं, कबूल केलेलं आणि हुकूम दिलेलं ते युद्ध. जाहीर न करता, कबूल न करता, सरकारच्या हुकमाशिवाय माणसं मारणं आणि माल नेणं ती लूट आणि चाचेगिरी. असं करणारा सगळ्या मनुष्यजातीचा शत्रू. आता ‘सरकार’ कुणाला म्हणायचं हे तहात कुठंच लिहिलेलं नाही. ते तोफा ठरवणार.

तिसऱ्या कलमात झेंडा: लाल, भोवती पांढरी किनार, किनारीची रुंदी लालाइतकीच. हा झेंडा लावला तर मित्र अरब, नाही तर संशयित. शारजा आणि रास अल-खैमा यांचा झेंडा आजही पांढऱ्या किनारीतला लाल आहे, हे पोरांनी लगेच मोबाईलवर पाहून घेतलं. पाचव्या कलमात कागदपत्रं: गलबताचं नाव, लांबी, रुंदी, माल किती मावतो, हे शेखाच्या सहीनं. शिवाय वेगळा परवाना: मालक कोण, नाखुदा म्हणजे कप्तान कोण, माणसं किती, हत्यारं किती, कुठून निघालं, कुठं जाणार. “आरसी बुक अन् ई-वे बिल,” एक पोरगा म्हणाला. अगदी तेच. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम आणणं हीसुद्धा चाचेगिरीच, असं नववं कलम होतं. शस्त्र टाकलेल्याला मारणं चाचेगिरी, हे आठवं. हे दोन्ही माणुसकीचे मुद्दे, आणि त्यांचं श्रेय केर-थॉम्पसनला द्यायला माझी काही हरकत नाही.

मुंबईत मात्र तहावर सौम्यपणाचा ठपका आला. चाच्यांना सोडून दिलं, असं तिथल्या लोकांचं म्हणणं. केरनं आपली बाजू मांडली. गावं जाळून झाली, मोठी जहाजं आणि तटबंद्या उद्ध्वस्त केल्या, आता आणखी माणसं मारून काय साधणार, असा त्याचा रोख. दिरियाहून निसटून आलेल्या सुलतान बिन सक्रनं दोन दिवस आधीच, ६ जानेवारीला प्राथमिक करारावर सही केली होती. रास अल-खैमा पुढे त्याच्याकडेच आलं आणि १८६६ पर्यंत तो कासिमींचा प्रमुख राहिला. फेब्रुवारीत बहरीनच्या आणि मार्चमध्ये उम्म अल-कैवैनच्या शेखांच्या सह्या झाल्या.

नंतरची गुंतागुंत

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण खोलीत ऊन चढलं होतं आणि पोरांना भूक लागली होती.

तह झाला, पण फौज कुठं ठेवायची? आधी रास अल-खैमात ठेवली, उन्हाळ्यात ती किश्म बेटावर हलवली, सय्यद सईदच्या परवानगीनं. इराण म्हणालं, बेट आमचं, परवानगी देणारा तो कोण? त्याच वर्षाच्या शेवटी थॉम्पसन, आता किश्मच्या फौजेचा मुख्य, ओमानच्या आतल्या भागातल्या बनी बू अली या टोळीवर चाचेगिरीच्या आरोपावरून चालून गेला. समुद्रातला गुन्हा, शिक्षा वाळवंटातल्या गावाला. त्याच्या तुकडीची धूळधाण झाली आणि त्याच्यावर लष्करी खटला चालला. १८२१ मध्ये लायोनेल स्मिथनं मोठी फौज नेऊन त्या टोळीचा सूड घेतला.

१८२२ च्या ऑगस्टमध्ये बुशहरचा रेसिडेंट विल्यम ब्रूस यानं शिराझला इराणी राजपुत्राशी एक करार केला आणि त्यात बहरीनवर इराणचा हक्क मान्य करून टाकला. मुंबई सरकारनं करार फेटाळला, ब्रूसला परत बोलावलं. पण एकदा लिहिलं ते लिहिलं. इराणनं पुढे हा कागद वेळोवेळी पुढे केला. एल्फिन्स्टनच्या सरकारला १८२३ मध्ये किश्मवरची फौज काढून घ्यावी लागली.

१८३५ मध्ये मोती काढण्याच्या हंगामापुरती समुद्रात लढायची नाही असा करार शेखांनी केला, दरवर्षी वाढवत नेला, १८४३ मध्ये दहा वर्षांसाठी, आणि १८५३ मध्ये कायमचा. मोत्यांच्या हंगामात सगळ्यांच्या होड्या पाण्यात असतात, तेव्हा हा करार शेखांनाही हवाच होता. इंग्रजी नकाशांवरचा ‘चाच्यांचा किनारा’ या तहांनंतर ‘तहाचा किनारा’ झाला. माणसं तीच, गलबतं तीच. १८९२ मध्ये फ्रान्स, रशिया, उस्मानी आणि इराण सगळेच आखातात डोकावू लागले तेव्हा इंग्रजांनी शेखांकडून आणखी लिहून घेतलं: आमच्याशिवाय दुसऱ्या कुठल्या सत्तेशी करार करायचा नाही, तिचा प्रतिनिधी ठेवायचा नाही, जमीन द्यायची नाही. लिंगा तोवर हातचं गेलं होतं, १८८७ मध्ये इराणनं तिथल्या कासिमी शेखाला हटवलं. दोन काठांवरचं घराणं एका काठावर आलं. १९७१ च्या ३० नोव्हेंबरला, इंग्रज निघून जायच्या तोंडावर, इराणनं रास अल-खैमाची तुंब बेटं ताब्यात घेतली. तो तंटा अजून मिटलेला नाही.

शेवटी मी पोरांना म्हटलं, हत्त शोधा. हसनला कंसात टाकून जिथं पाठवलं ते गाव. आज त्याला खत्त म्हणतात. मोबाईलवर सापडलं: समुद्रापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी, खजुराच्या बागा, गरम पाण्याचे झरे. फोटो हातोहात फिरला.

“सालबर्डीसारखंच दिसते हे तं,” ती मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली. मग फोन परत देताना तिनं विचारलं, “सर, तिथून समुद्र दिसते काय?”